समोरच्या गाडीला विमाच नसेल तर?

आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येणार म्हटल्यावर मी कागदपत्रांचं कपाट उघडलं. त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स, बाबांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, तिकिटं असं सगळं एका फायलीत लावता लावता माझ्याच गाडीच्या विम्याचे जुने कागद हाती आले. २०१४ सालचे, मी कॅलिफोर्नियात नवी होते तेव्हाचे. एका पानावर लिहिलं होतं की ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’, म्हणजे ठोकणाऱ्याकडे विमा नसला तर आपल्याला भरपाई देणारं कव्हरेज मला देऊ केलं होतं आणि मी ते नाकारलं. खाली माझी सही.

ती सही करताना मी काय विचार केला होता, ते मला चांगलं आठवतं. इथे विम्याशिवाय गाडी चालवणं बेकायदा आहे, मग बिनविम्याच्या माणसासाठी मी वेगळे पैसे का भरायचे? विचार अगदी सरळ होता आणि तिथेच माझी चूक झाली. कॅलिफोर्नियात हे कव्हरेज नाकारायचं तर लेखी नाकारावं लागतं. पण एकदा नाकारलं, की त्याच कंपनीकडे पॉलिसी पुढे चालू राहते तोवर तो नकारही चालू राहतो. दर सहा महिन्यांनी कुणी पुन्हा विचारत नाही.

त्यानंतर बसून हा विषय मुळापासून समजून घेतला. अमेरिकेत गाडी चालवणाऱ्या आपल्या माणसांपैकी बहुतेकांनी ही ओळ एकदाच, घाईत, फोनवर निकालात काढलेली असते. म्हणून हे लिहिते आहे.

आधी भारतातल्या विम्याची एक सवय मनातून काढावी लागते. भारतात थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि समोरच्याचा मृत्यू झाला किंवा त्याला शारीरिक इजा झाली तर त्या विम्याच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी रक्कम ठरवेल, ती विमा कंपनीने द्यायची. प्रकरण लांबतं, चपला झिजतात, पण ‘आमची मर्यादा इतकीच’ असं म्हणून कंपनी हात वर करू शकत नाही. आपल्या डोक्यात ‘समोरच्याचा विमा आपल्याला भरून देईल’ हे जे पक्कं बसलेलं असतं, ते इथून आलेलं असतं.

अमेरिकेत लायबिलिटी विम्याला, म्हणजे आपल्या चुकीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणाऱ्या विम्याला, आकडा असतो, आणि तो आकडा ज्याचा त्याने निवडलेला असतो. पॉलिसीवर तो ३०/६०/१५ असा लिहितात. म्हणजे अपघातात जखमी झालेल्या एका माणसासाठी जास्तीत जास्त ३० हजार डॉलर, सगळे जखमी मिळून ६० हजार, आणि गाडी वगैरे मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५ हजार. कॅलिफोर्नियात कायद्याने किमान एवढं घ्यावंच लागतं, आणि तेही १ जानेवारी २०२५ पासून. त्याआधी अर्ध्या शतकाहून जास्त काळ तिथला किमान आकडा १५/३०/५ होता. पंधरा हजार डॉलर! इथल्या रुग्णालयाचं बिल ज्याने एकदा हातात धरलं आहे, त्याला या रकमेबद्दल वेगळं सांगायला नको.

फ्लोरिडाचा प्रकार तर आणखी वेगळा. तिथे सामान्य गाडीवाल्याला समोरच्याच्या शारीरिक इजेसाठी लायबिलिटी विमा घेण्याची मुळात सक्तीच नाही. स्वतःच्या उपचारांसाठी १० हजार आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी १० हजार एवढं घेतलं की गाडी रस्त्यावर आणता येते. म्हणजे ऑरलँडोच्या सहलीत तुम्हाला ठोकणारा माणूस पूर्णपणे कायदेशीर असू शकतो आणि तरी तुमच्या मोडलेल्या पायासाठी त्याच्या विम्यातून एक डॉलरही येणार नाही.

शिवाय कायदा मोडणारे आहेतच. इन्शुरन्स रिसर्च कौन्सिल या संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये अमेरिकेत दर आठ चालकांमागे साधारण एक जण विम्याशिवाय गाडी चालवत होता. राज्याराज्यांत फरक प्रचंड: न्यू जर्सीत ३.१ टक्के, तर मिसिसिपीत २९.४ टक्के. २०२३ साठी त्याच संस्थेचा देशभराचा अंदाज १५.४ टक्क्यांवर गेला. हप्ते वाढले की आधी पॉलिसी सुटते, गाडी सुटत नाही. इथे बहुतेक गावांत गाडीशिवाय कामावर जाता येत नाही, त्यामुळे माणूस विमा सोडून गाडी चालवत राहतो.

अशा माणसावर दावा ठोकून काय मिळणार? निकाल आपल्या बाजूने लागेल, पण ज्याला महिन्याचा हप्ता परवडत नव्हता त्याच्याकडून लाख-दोन लाख डॉलर वसूल कुठून करणार? निकालाचा कागद तेवढा हाती राहतो.

हे भोक बुजवण्यासाठी अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हरेज आहे. इथे सगळे त्याला यूएम म्हणतात. चूक समोरच्याची, पण त्याच्याकडे विमा नाही किंवा तो ठोकून पळाला, तर त्याच्या विम्याने जे द्यायला हवं होतं ते तुमचीच कंपनी तुम्हाला देते: उपचारांचा खर्च, बुडालेला पगार, आणि वेदना व अधू होण्याची भरपाईसुद्धा. तुम्ही घेतलेल्या मर्यादेपर्यंत. चूक तुमची असेल तर यातून काही मिळत नाही.

याचं जुळं भावंड म्हणजे अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट, यूआयएम. समोरच्याकडे विमा आहे पण पुरेसा नाही, तेव्हा हे कामाला येतं. कॅलिफोर्नियात ही दोन्ही एकाच ओळीत मिळतात, काही राज्यांत वेगवेगळी घ्यावी लागतात. माझ्या मते दोघांत यूआयएम जास्त महत्त्वाचं. सगळ्यांना धास्ती असते ती अजिबात विमा नसलेल्याची. पण किमान विमा घेऊन फिरणारेही रस्त्यावर खूप असतात, आणि जबर इजा झाली तर ३० हजारवाला आणि शून्यवाला यांत तुमच्या दृष्टीने फारसं अंतर राहत नाही.

आता आकड्यांचं एक गणित नीट बघा, कारण हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. समजा तुमचं नुकसान अडीच लाखांचं झालं. समोरच्याकडे किमान, म्हणजे ३० हजारांची मर्यादा. तुमची यूएम मर्यादा एक लाख. पहिल्या नजरेला वाटतं, ३० हजार अधिक एक लाख, म्हणजे एक लाख तीस हजार मिळतील. काही राज्यांत तसंच होतं. कॅलिफोर्नियात मात्र तुमच्या मर्यादेतून समोरच्याने दिलेले पैसे वजा होतात: एक लाखातून ३० हजार गेले, तुमच्या कंपनीकडून ७० हजार, दोन्ही मिळून एक लाख.

आता हेच तुमची यूएम मर्यादा ३०/६० धरून करा. तीसमधून तीस गेले. हाती शून्य.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला हे शून्य प्रत्यक्ष भेटलं. नवे आकडे लागू होण्याआधीची गोष्ट. सिग्नलला उभ्या असताना मागून गाडी येऊन धडकली, वहिनींच्या मानेची शस्त्रक्रिया झाली, कित्येक महिने काम बंद. समोरच्याकडे १५/३० चा विमा. यांच्याकडे यूएम होतं, हप्ता नियमाने भरलेला होता, पण तेही १५/३०. समोरच्याच्या कंपनीने पंधरा हजारांचा चेक दिला आणि स्वतःच्या कंपनीकडून काहीच आलं नाही. ‘आपण तर यूएम घेतलं होतं ना?’ असं भाऊंनी मला विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. किमान आकड्याचं यूएम बिनविम्याच्या चालकापुढे आणि पळून गेलेल्यापुढे उपयोगी पडतं, किमान विम्याच्या चालकापुढे नाही. म्हणून हे कव्हरेज घ्यायचं की नाही, याइतकाच ‘किती आकड्याचं’ हा प्रश्न मोठा आहे.

‘पण माझा हेल्थ इन्शुरन्स चांगला आहे,’ हे उत्तर मी खूप ऐकलं आहे. पूर्वी मीच ते देत असे. त्यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. चांगला हेल्थ इन्शुरन्स उपचारांचा मोठा भाग उचलतो. कॅलिफोर्नियात नोकरदाराला राज्याची अपंगत्व विमा योजनाही आहे. दुखापतीमुळे काम बंद पडलं तर ती ठरावीक कमाल रकमेपर्यंत पगाराच्या ७० ते ९० टक्के, जास्तीत जास्त ५२ आठवडे देते. पण पुढचा विचार करा. ज्याचा हात पूर्ववत होत नाही त्याच्या त्रेपन्नाव्या आठवड्याचं काय? ज्याच्या पगाराचा मोठा भाग त्या कमाल रकमेच्या वर आहे त्याचं काय? घरी मुलांना सांभाळणाऱ्या, पगार नसलेल्या आईच्या वेदनेचे पैसे कोण देणार? हेल्थ इन्शुरन्स त्यातलं काहीच देत नाही. आणि आपल्यातल्या अनेकांचा हेल्थ इन्शुरन्स नोकरीला, नोकरी एच-वन-बी व्हिसाला आणि व्हिसा या देशात राहण्याला बांधलेला असतो. नोकरी गेल्यावर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. ज्या अपघाताने नोकरी जाते, तोच अपघात मग उपचारांचा विमाही घेऊन जातो. अशा घराला यूएमची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कमी नाही.

आता आई-बाबांकडे येते, कारण माझी सगळी खटपट त्यांच्यासाठी सुरू झाली. इथे भेटीला आलेल्या आई-वडिलांना मेडिकेअर, म्हणजे इथल्या ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, नसतं, कॅलिफोर्नियाची अपंगत्व योजना नसते. असतो तो व्हिजिटर इन्शुरन्स, त्याच्या मर्यादा ठरलेल्या, आणि जुन्या आजारांच्या बाबतीत तो बहुधा हात आखडता घेतो. वेदनेची भरपाई वगैरे त्याच्या यादीतच नसते. तुमच्या पॉलिसीत यूएम असेल तर तुमच्या गाडीत बसलेला प्रत्येक जण त्यात येतो, मग ते आई-बाबा असोत, शेजारची मुलं असोत, की मंडळाच्या गणपतीला सोबत घेतलेलं कुटुंब असो. गाडीत बसताना किंवा उतरताना धडक बसली तरी येतो.

पायी चालताना मात्र फरक पडतो. तुम्ही आणि तुमचा जोडीदार रस्त्याने चालत असाल, सायकलवर असाल, दुसऱ्याच्या गाडीत असाल, तरी तुमचं यूएम तुमच्याबरोबर चालतं. तुमच्या घरात राहणाऱ्या नातेवाइकांनाही ते लागू होतं. सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील ‘घरात राहणारे’ धरले जातील की पाहुणे, इथे वाद होऊ शकतो. आणि आपले आई-बाबा तर संध्याकाळी फिरायला जाणारच. अमेरिकेतल्या रुंद रस्त्यांवर चालणारी माणसं एरवी तुरळक, पण आमच्या वस्तीत सहा वाजता सगळे आजी-आजोबा बाहेर असतात.

याच संदर्भात एक नवा बदल सांगायला हवा. कॅलिफोर्नियात उबर किंवा लिफ्टच्या गाडीत तुम्ही प्रवासी असताना बिनविम्याच्या गाडीने ठोकलं, तर आधी त्या कंपनीच्या विम्यात दहा लाख डॉलरपर्यंतचं यूएम असायचं. १ जानेवारी २०२६ पासून ती सक्ती उतरून माणशी ६० हजार आणि एका अपघाताला तीन लाख एवढीच राहिली आहे. ‘टॅक्सीत आपल्याला चिंता नाही’ हे समाधान आता तितकंसं खरं नाही. स्वतःच्या पॉलिसीतल्या यूएमचं वजन त्याने वाढलं.

हे सगळं झालं माणसाच्या इजेचं. यूएममध्ये दुसरा एक भाग असतो तो गाडीच्या नुकसानीचा. तो लगेच निकालात काढता येतो. तुमच्याकडे कोलिजन कव्हरेज, म्हणजे धडकेत आपल्याच गाडीचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा, असेल तर गाडीची दुरुस्ती त्यातून होतेच. कॅलिफोर्नियात गाडीच्या नुकसानीचं यूएम साडेतीन हजार डॉलरवर थांबतं आणि कोलिजन नसलेल्यांसाठीच असतं. कोलिजन असलेल्यांना त्याऐवजी ‘डिडक्टिबल वेव्हर’ मिळतो, म्हणजे बिनविम्याच्या माणसाने ठोकलं तर तुमचा डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, माफ. दोन्हींत ठोकणारी गाडी कोणती हे कळलेलं असावं लागतं. पळून गेला आणि नंबर मिळाला नाही, तर यांचा उपयोग नाही. जुनी गाडी, कोलिजन काढून टाकलेलं, असं असेल तर हा भाग थोड्या पैशांत घ्यावा. नाही घेतला तरी आभाळ कोसळत नाही, गाडीच जाईल.

खर्चाकडे बघताना मी एक तुलना करते. डेक्लरेशन पेज म्हणून पॉलिसीचं जे पहिलं पान असतं, त्यावर प्रत्येक कव्हरेजपुढे त्याचा हप्ता वेगळा छापलेला असतो. कोलिजनची ओळ आणि यूएमची ओळ शेजारी शेजारी वाचा. कोलिजन सहसा बरंच महाग असतं, आणि त्यातून जास्तीत जास्त काय वाचतं? गाडीची किंमत. समजा वीस हजार डॉलर. यूएमची ओळ त्या मानाने स्वस्त, आणि ती एक लाख, अडीच लाखांपर्यंत माणसाला सांभाळते. आपण पत्र्यासाठी भरपूर भरतो आणि हाडामांसासाठी हात आखडतो. समजा यूएम वाढवायला वर्षाला १५० डॉलर जास्त पडणार आहेत. कोलिजनचा डिडक्टिबल ५०० वरून १,००० केला तर किती वाचतात हे कंपनीला विचारा, बऱ्याचदा त्यातून मोठा वाटा निघतो. पाचशे डॉलरचा धक्का घर सोसू शकतं. दोन लाखांचा धक्का सोसू शकणारी घरं मी फार पाहिलेली नाहीत.

‘ठोकणारा बिनविम्याचा निघण्याची शक्यता किती’ हा प्रश्न मी म्हणूनच दुसऱ्या नंबरावर ठेवते. न्यू जर्सीत ती कमी आहे, मिसिसिपीत खूप आहे, पण झालंच तर खड्डा दोन्हीकडे सारखाच खोल. विमा घ्यायचा तो ज्यातून आपल्याला वर येता येणार नाही अशा खड्ड्यासाठी.

एक अडचण मात्र खरी आहे. सहसा तुमच्या स्वतःच्या लायबिलिटीच्या मर्यादेहून जास्त यूएम मिळत नाही. म्हणजे यूएम १००/३०० हवं तर लायबिलिटीही तेवढी लागते, आणि ती वाढवायचा खर्च वेगळा. हिशेब करताना दोन्ही धरा, नाहीतर कोटेशन बघून धक्का बसेल. तरी मी म्हणेन, घर किंवा थोडीफार बचत असलेल्या कुणीही लायबिलिटी किमान आकड्यावर ठेवूच नये. आणखी एक: ज्यांनी वरून अम्ब्रेला पॉलिसी, म्हणजे लायबिलिटीची मर्यादा संपल्यावर पुढे चालणारी जादा पॉलिसी, घेतली आहे त्यांनी ती यूएमलाही लागू आहे असं गृहीत धरू नये. बहुतेक अम्ब्रेला फक्त तुमच्यावरच्या दाव्यांसाठी असतात. यूएम त्यात हवं तर वेगळं मागावं लागतं. ‘फुल कव्हरेज’ या शब्दावरही विसंबू नका. कायद्यात त्याला ठरलेला अर्थ नाही. लायबिलिटी, कोलिजन, कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, आग वगैरेंसाठीचा विमा) या तिघांना मिळून लोक फुल म्हणतात, यूएम नसलं तरी.

न घेतलेलं चालेल असं कुणी आहे का? भरपूर पैसा बाजूला आहे, हेल्थ इन्शुरन्स भक्कम आहे, नोकरीवर कुणी अवलंबून नाही, आणि गाडीत सहसा कुणी दुसरं बसत नाही, अशा माणसाने मोठी मर्यादा टाळली तर मी वाद घालणार नाही. अशी माणसं थोडी.

घेतल्यावर क्लेमच्या वेळच्या अटी माहीत हव्यात, नाहीतर हप्ता भरूनही हात हलवत परत यावं लागतं. कॅलिफोर्नियात ठोकून पळालेल्या गाडीचा तुमच्या गाडीला किंवा तुम्हाला प्रत्यक्ष स्पर्श झालेला असावा लागतो. कुणी आडवा आला, तुम्ही त्याला चुकवून खांबावर गेलात आणि तो निघून गेला, तर यूएम मिळत नाही. पोलिसांना २४ तासांत कळवायचं, आणि ३० दिवसांत कंपनीला शपथेवर लेखी जबानी द्यायची. वाद मिटला नाही तर अपघातापासून दोन वर्षांच्या आत लवादाची रीतसर मागणी करायची किंवा दावा लावायचा. आणि समोरच्याच्या कंपनीशी तडजोड करून सही करण्याआधी आपल्या कंपनीची संमती लागते का ते तपासायचं. अनेक राज्यांत घाईच्या तडजोडीने यूआयएमचा हक्कच जातो. मनाची तयारी आणखी एका गोष्टीची हवी: या क्लेममध्ये आपलीच कंपनी समोरच्या बाजूला बसते. वर्षानुवर्षं गोड बोलणारी तीच, आता तुमची दुखापत किती हे तपासणार. म्हणून पहिल्या दिवसापासून डॉक्टरांचे कागद, पगाराच्या पावत्या, फोटो सगळं जपून ठेवा.

मी मागच्या महिन्यात कंपनीला फोन केला. लायबिलिटी आणि यूएम दोन्ही २५०/५०० केलं, कोलिजनचा डिडक्टिबल वाढवला, आणि तो जुना नकार रद्द झाल्याचं नव्या डेक्लरेशन पेजवर स्वतः वाचून घेतलं. मग विचारलं, भेटीला आलेले माझे आई-वडील चालताना यात धरले जातील का? फोनवरची मुलगी म्हणाली, ‘जातील असं वाटतं.’ मी तिला हे ईमेलवर लिहून मागितलं. उत्तर यायला नऊ दिवस लागले, आणि ते आलं तेव्हा त्यात ‘प्रत्यक्ष परिस्थितीनुसार’ असे शब्द होते. त्यामुळे बाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्सची मर्यादाही मी एक पायरी वर नेली, आणि संध्याकाळच्या फिरण्यासाठी दोघांना चमकणाऱ्या पट्ट्यांची जॅकेटं मागवली आहेत.